कूलरजवळची जागा

होळी झाली की आमच्या गल्लीत कूलर उतरू लागतात. माळ्यावरून, गच्चीवरून, जिन्याखालच्या अडगळीतून. पत्र्याचा तो मोठा डबा फरशीवरून ओढत नेल्याचा आवाज ज्यानं अकोल्यात एकदा ऐकला, त्याला उन्हाळा लागल्याचं वेगळं सांगावं लागत नाही. मग जाळ्यांतलं वर्षभराचं वाळकं गवत उपटून फेकायचं, नवा वाळा भरायचा, पंप पाणी ओढतो का ते बघायचं. काल समोरच्या घरी या वर्षीचं पहिलं पाणी सोडलं. ओल्या वाळ्याचा वास रस्ता ओलांडून माझ्या खोलीत आला आणि मी हातातलं भांडं ओट्यावर ठेवून तशीच उभी राहिले.

लोकांना हा वास सुखाचा वाटतो. मलाही वाटतो, नाही असं नाही. पण त्याच्या मागोमाग मला एक उन्हाळा आठवतो. सात उन्हाळे होऊन गेले तरी आठवतो. मी सव्वीस वर्षांची होते, नुकतीच नोकरीला लागले होते आणि जन्मात पहिल्यांदा एकटी राहत होते, तो उन्हाळा.

मला दिसत नाही. पूर्वी दिसायचं. शाळेत असताना आधी फळा पुसट झाला, मग पुस्तक, मग माणसांचे चेहरे. तेविसाव्या वर्षी उजेड आणि अंधार एवढंच कळायचं, पुढं तेही गेलं. आमचं गाव तेल्हाऱ्याच्या पुढं. बाबा शाळेत शिपाई होते, आई कापूस वेचायला जायची. बी.ए.चे पेपर मी तोंडानं सांगितले आणि दुसऱ्या मुलीनं लिहिले. पदवी मिळाली आणि मी घरात बसले. तीन वर्षं बसले. ताट हातात यायचं, पाण्याचा गिलास हातात यायचा, अंघोळीचं पाणी काढून मिळायचं. कोणी रागावत नव्हतं, कोणी काही मागत नव्हतं. घरात मला काही कमी नव्हतं, आणि दिवसभरात करण्यासारखं एकही काम नव्हतं.

अमरावतीला न दिसणाऱ्यांसाठी सहा महिन्यांचं निवासी प्रशिक्षण असतं, हे मला रेडिओवर कळलं. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "तुले काहून जा लागते? आमी आहोत नं."

मी म्हणाले, "तुमी किती दिवस आहा, बाबा?"

बोलले आणि जीभ चावली. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझी पिशवी भरल्याचा आवाज मी ऐकला. साबण, टॉवेल, आईच्या हातचा चिवडा. एसटीत अमरावतीपर्यंत त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं. उतरले तेव्हा तिथं घाम आला होता.

त्या केंद्रात इंगळे मॅडम होत्या. जन्मांध. पन्नाशीच्या आतबाहेर असाव्यात, आवाज खरबरीत. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातात घडीची पांढरी काठी दिली आणि म्हणाल्या, "हे लाज वाटाची गोष्ट नाई. लाज वाटली तं वाटू दे, पण हात सोडू नको हिचा." काठी कशी डावी-उजवी फिरवायची, खड्डा कसा कळतो, पायरी चढती की उतरती, हे त्यांनी शिकवलं. गॅस पेटवायला शिकवलं. पोळी फुगली की तिची वाफ तळहाताला लागते, तेव्हाच उलटायची. पहिल्या आठवड्यात माझी बोटं भाजली, दुसऱ्यात पोळ्या भाजल्या. दुपारी संगणक असायचा. पडद्यावरचं सगळं वाचून दाखवणारा तो यंत्राचा आवाज पहिल्यांदा मला कळतच नव्हता. सहा महिन्यांनी मी तो इतक्या वेगानं ऐकायचे की शेजारून जाणाऱ्याला नुसती किरकिर ऐकू यावी.

शेवटची परीक्षा म्हणजे राजकमल चौकातून केंद्रापर्यंत एकटीनं परत यायचं. रिक्षानं मला तिथं सोडलं. केंद्रातून निघण्याआधी मी घाबरत विचारलं होतं, "मॅडम, तुम्ही मागं असाल ना?"

त्या हसल्या. "मी मागं येऊन काय करू वो? मले तरी कुठं दिसते? हरवली तं हरवली. विचारत ये."

मी चार वेळा हरवले, नऊ जणांना विचारलं आणि पोहोचले. त्या संध्याकाळी मॅडमनी मला स्वतःच्या हातानं चहा करून दिला. साखर विसरल्या होत्या. तो चहा मी मुद्दाम हळूहळू प्यायले.

पुढं नोकरभरतीची परीक्षा झाली, यादीत नाव आलं, आणि फेब्रुवारीत अकोल्याच्या एका सरकारी कार्यालयात मी लिपिक म्हणून रुजू झाले. जठारपेठेत एक खोली मिळाली. बाबा चार दिवस राहिले, खोलीपासून कार्यालयापर्यंतचा रस्ता माझ्याकडून वीस वेळा चालून घेतला आणि गाडीत बसताना म्हणाले, "उन्हाळा काढून पाह्य. नाई जमलं तं मी घ्याले येतो." ते असं म्हणाले की मला कळेना, न जमण्याची त्यांना भीती होती की आशा.

कार्यालयातली माणसं वाईट नव्हती. हे मी पुन्हा पुन्हा सांगते, कारण पुढचं ऐकून लोकांना वाटतं की मला छळलं असेल. साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "मॅडम, तुम्ही कसलीही काळजी करू नका. यायचं, सही करायची, बसायचं. तुम्हाला कोणी काही म्हणणार नाही."

"पण सर, मला टायपिंग येतं. मराठी, इंग्रजी दोन्ही. संगणकावर..."

"असू द्या, असू द्या. बसा निवांत."

मग मी निवांत बसले. माझ्या टेबलावर काही नव्हतं. हात फिरवून मी त्या टेबलाची प्रत्येक चीर ओळखायला लागले होते. आजूबाजूला फायली आपटायच्या, स्टेपलर चालायचा, कोणी कोणाला हाक मारायचं, आणि त्या सगळ्या कामाच्या मधोमध मी हात मांडीवर ठेवून बसलेली. जेवणाच्या सुट्टीत बायका माझ्या डब्याच्या झाकणात भाजी वाढायच्या. "घे वो, वांग्याची आहे." मग त्या आपसांत बोलायच्या. चहा आला की एकजण दुसरीला विचारायची, "ह्यांना साखरेचा चालते काय?" मी समोर असायची. मी म्हणायची, "चालतो." दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा दुसरीलाच.

मार्च संपता संपता कार्यालयात कूलर बसला. मोठा, खिडकीतला. सगळ्यांनी मिळून ठरवलं की मॅडमचं टेबल कूलरच्या पुढ्यात लावायचं. मला उठवून तिथं बसवलं तेव्हा कोणीतरी म्हणालं, "आता कशी मजा आहे तुमची!" मी सगळ्यांचे आभार मानले. खरंच मनापासून मानले. अकोल्याचा उन्हाळा ज्यानं काढला आहे त्याला कळेल, ती केवढी मोठी भेट होती.

आणि त्याच दिवसापासून माणसं नाहीशी झाली.

कूलरचा तो घरघराट माझ्या कानांवर भिंतीसारखा उभा राहिला. कोण आलं, कोण गेलं, कोण हसलं, साहेब केबिनमध्ये आहेत की नाहीत, काही कळेना. आधी निदान इतरांचं काम ऐकू यायचं. आता तेही गेलं. एकदा जेवणाच्या सुट्टीत सगळे उठून बाहेर जेवायला गेले आणि मला अर्धा तास कळलंच नाही. मी डबा उघडून वाट बघत बसले. शेवटी शिपायानं येऊन खांद्याला हात लावला तेव्हा मी केवढ्यानं दचकले. त्या कार्यालयातली सगळ्यात थंड जागा माझी होती, आणि तिथं बसून मी रोज घड्याळाचं बटण दाबून वेळ ऐकायची. अकरा वाजून दहा मिनिटं. अकरा वाजून पंचवीस.

खोलीवर परतल्यावर वेगळं काही नसायचं. मी स्वयंपाक करायची, भांडी घासायची, कपडे वाळत घालायची. एका माणसाचं घरकाम किती लवकर संपतं! मग संगणकासारखाच वाचून दाखवणारा मोबाइल हातात घ्यायची. दिवसभरात माझ्याशी सलग बोलणारा आवाज त्या मोबाइलचाच. इतकी मेहनत करून मी तो वेगानं ऐकायला शिकले होते, पण त्या उन्हाळ्यात रविवारी मी त्याचा वेग कमी करून ठेवायची. कोणीतरी सावकाश, शब्द सुटे करून आपल्याशी बोलतंय असं वाटायचं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

घरून फोन आला की बाबा विचारायचे, "काय म्हन्ते नोकरी?"

"मस्त चालू आहे."

"काम लय असते काय?"

"लय असते, बाबा."

एप्रिलच्या मध्यावर एक दिवस डोकं फार दुखत होतं म्हणून मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून दोन वाजता निघाले. तोवर मी तो रस्ता फक्त सकाळी आणि संध्याकाळी चालले होते. त्या वेळी रस्त्यावर माणसं असतात, आणि माझ्या खुणा जागच्या जागी असतात. कोपऱ्यावर पिठाची गिरणी, तिथून डावीकडं वळायचं, मग शिंप्याचं मशीन, मग माझं फाटक. दुपारी दोन वाजता मात्र अकोल्यात रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. डांबर मऊ झालं होतं, काठीचं टोक त्यात चिकटून येत होतं. आणि दोन्ही बाजूंच्या घरांतून, प्रत्येक खिडकीतून कूलर. घरघर, घरघर. तोच आवाज, जो मी कार्यालयात सोडून आले होते, तो इथं रस्ताभर पसरला होता. गिरणी आली का गेली, मला ऐकू आलं नाही.

किती चालले कोण जाणे. काठीला एक ओटा लागला, जो माझ्या रस्त्यात नव्हता. मग उघडी नाली, तीही माझी नव्हती. मी थांबले. "कोणी आहे का?" म्हणून हाक मारली. माझी हाक मलाच नीट ऐकू आली नाही. डोक्यावरची ओढणी तापून कानाला चटके देत होती. विचारत ये, असं मॅडम म्हणाल्या होत्या, पण विचारायला माणूस नव्हता. मी त्या ओट्याला टेकून उभी राहिले आणि मनाशी म्हणाले, बाबांना फोन करावा. न्यायला या म्हणावं. मोबाइल काढलासुद्धा.

तेवढ्यात वीज गेली.

सगळे कूलर एकदम थांबले. डावीकडचे, उजवीकडचे, लांबचे. शेवटी एका पंख्याचं पातं कुरकुरत फिरत राहिलं आणि तेही थांबलं. मग एकेक आवाज सुटा होऊन माझ्याकडं यायला लागला. कोणाच्या तरी घरात भांडं पडलं. तान्हं मूल रडायला लागलं. छपरावर कबुतरं घुमत होती. उजव्या हाताला, खूप लांब, मालगाडीची शिट्टी. म्हणजे स्टेशन तिकडं. माझी पाठ कुठं, तोंड कुठं, ते मला कळलं. वारा नव्हता, तरी सावकाश श्वास ओढला तर मागून पिठाचा कोरडा वास येत होता. मी गिरणीच्या पुढं निघून आले होते, एवढंच. फार लांब नाही, पन्नास-साठ पावलं.

खिडक्याखिडक्यांतून माणसं वीजवाल्यांना शिव्या देत होती. "गेली का आता मुडदी लाईट!" एक म्हातारा ओरडला. मी वळले आणि चालायला लागले. गिरणी बंद होती, पण गिरणीवाला बाहेर खाटेवर बसला असावा. म्हणाला, "काहून बाई, येवढ्या उन्हाची?" मी म्हणाले, "रस्ता चुकले होते. सापडला." खोलीत येऊन माठातलं पाणी प्यायले आणि फरशीवर आडवी पडून खूप वेळ रडले. भीतीनं नव्हे. त्या रस्त्यावर मी हरवले, त्याचं कारण मला सापडलं होतं, आणि कार्यालयात इतके दिवस मी का हरवले होते तेही.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना म्हणाले, "सर, माझं टेबल कूलरपासून हलवा."

"कुठं हलवू?"

"आवक-जावकच्या खिडकीपाशी."

ती खिडकी व्हरांड्यावर उघडायची. लोक तिथं येऊन अर्ज देत, चौकशा करत. ऊन थेट आत यायचं. तिथं गावंडे भाऊ बसायचे, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले, तापट माणूस. माझं टेबल आलेलं पाहून ते म्हणाले, "मॅडम, डोकं तं ठीक आहे नं? लोकं कूलरसाठी भांडून राहिले अन् तुमी तिथून उठून राहिल्या?"

"तिथं मला ऐकू येत नाही."

"इथं काय आहे ऐकाले? लोकाच्या शिव्या?"

"त्याच ऐकते."

पहिलीच आली ती बार्शीटाकळीकडची एक म्हातारी. खिडकीच्या गजातून तिनं माझ्या हातावर कागद ठेवला. "पाह्य वो बाई, माह्या अर्जाचं काय झालं?"

"मावशी, यावरचा नंबर वाचून सांगा."

"मले वाचता येत नाई, बाई."

"मला दिसत नाही, मावशी."

मग ती म्हातारी हसायला लागली, इतकी की तिला ठसका लागला, आणि मीही हसले. अकोल्यात आल्यापासून मी मोठ्यानं हसले ती तेव्हा. गावंडे भाऊंनी चिडून कागद ओढून घेतला आणि नंबर वाचला. मग रजिस्टरची पानं उलटत बसले. दहा मिनिटं तरी गेली असतील.

मी म्हणाले, "भाऊ, हे रजिस्टर तुम्ही मला वाचून दाखवा. मी संगणकावर घेते. मग नावावरून, गावावरून कसंही सापडेल. दहा सेकंदांत."

"अन् संगणक काय तुमाले दिसते?"

"तो बोलतो."

संगणक मिळायला तीन आठवडे लागले. अर्ज, स्मरणपत्र, पुन्हा अर्ज. तोवर मी नुसती लोकांशी बोलायची. ज्या दिवशी तो आला आणि मी बोलणारं सॉफ्टवेअर सुरू केलं, त्या दिवशी सगळं कार्यालय भोवती जमलं. दुसऱ्या दिवसापासून गावंडे भाऊ दुपारभर वाचायचे, मी टाइप करायची. घामानं बोटं बटणांवरून घसरायची. भाऊ मध्येच थांबून म्हणायचे, "झालं काय? मी अजून श्वास नाई घेतला." एकदा ते आजारी पडले आणि खिडकीवर मी एकटी होते. त्या दिवशी सगळ्यांना मी उत्तरं दिली. संध्याकाळी साहेब येऊन उभे राहिले, टेबलावर दोनदा टकटक करून गेले. आजही मी त्याच खिडकीत आहे. भाऊ निवृत्त झाले. आता नवी माणसं येतात आणि त्यांना वाटतं, मी पहिल्यापासून इथंच बसलेली आहे.

हे सगळं सांगितल्यावर लोक म्हणतात, वा, मग झालंच की. हो, झालं. काम मिळालं. पण एकटेपण काम मिळालं म्हणून जात नाही, हे मला त्याच मे महिन्यात कळलं, आणि कळलं ते अकोल्यात नाही, घरी.

बुद्धपौर्णिमेला सुट्टी होती. मी एकटी एसटीनं गावी गेले. फाट्यावर उतरून घरापर्यंत काठीनं चालत आले. लोक ओट्यांवरून बघत असावेत, कारण बोलणं थांबत गेलं. दारात आईनं मला मिठी मारली. खीर शिजत होती. काठीची घडी करून पिशवीत टाकली, आत गेले आणि सवयीनं माठाकडं निघाले. दारातून सहा पावलं, डावीकडं धान्याची कोठी, कोठीला हात लावून वळलं की माठ. तीन वर्षं त्याच घरात बसून मी ते इंचाइंचानं पाठ केलं होतं. मी सहा पावलं टाकली आणि हात पुढं केला. कोठी नव्हती. आणखी दोन पावलं. बाज नव्हती. आईची पेटी नव्हती. हात नुसता हवेत. आमच्या स्वतःच्या घराच्या मधोमध मी उभी होते आणि मला कळेना, मी कुठं आहे.

"काय शोधून राहिली?" बाबा म्हणाले.

"माठ कुठं आहे?"

"मागच्या खोलीत नेला. सगळंच नेलं. तू येनार म्हनून." त्यांच्या आवाजात केवढं कौतुक होतं! "आता कशाले अडखळाचं काम नाई तुले. मोकळं केलं सगळं."

दोन दिवस खपून त्या दोघांनी माझ्यासाठी घर रिकामं केलं होतं. कोठीतलं धान्य काढून, कोठी सरकवून, पुन्हा भरून. मी पिशवीतून काठी काढली आणि उघडली. घडी उलगडताना ती खट खट वाजली. त्या घरात मी कधी काठी धरली नव्हती. चुलीपाशी आईचा हात थांबल्याचं मला कळलं.

"आपल्याच घरात काठी काहून लागते वो?" बाबांनी विचारलं. आता तो आवाज खाली आला होता.

"मोकळं केलं नं, बाबा. आता काही हाताले लागत नाई." मी म्हणाले. "चाला, मले एकदा दाखवा, काय कुठं ठेवलं ते."

ते माझं मनगट धरायला आले. मी म्हणाले, तसं नाही, आणि त्यांचं कोपर माझ्या हातात घेतलं. त्यांनी पुढं चालायचं, मी अर्धं पाऊल मागं. इतक्या वर्षांत त्यांनी मला ओढत नेलं होतं, पण असं आपलं कोपर माझ्या हातात कधी दिलं नव्हतं. कोपर हाडकुळं झालेलं होतं. "ही भिंत," ते म्हणाले. "हे दार. इथं कोठी. हा माठ." एकेक वस्तूपाशी थांबून, पाहुण्याला दाखवावं तसं.

दुसऱ्या दिवशी ते मला फाट्यावर सोडायला आले. गाडीला उशीर होता. घ्याले येतो, हे ते त्या दिवशी म्हणाले नाहीत, नंतरही कधी म्हणाले नाहीत. गाडी आली. मी खिडकीशी बसले. खालून त्यांनी पत्र्यावर हात ठेवला आणि विचारलं, "सामान आता असंच राहू देऊ काय? का पयल्यासारखं लावून ठेवू?"

इंजिनाचा आवाज वाढला होता. मी खिडकीतून वाकून म्हणाले, "तुमाले दोघाले जसं सोयीचं पडते तसं राहू द्या, बाबा. मी आली का पाहून घेईन."